मनुष्य ओळखावयाचा कसा?

नृसिंहवाडी हें क्षेत्र कृष्णा व पंचगंगा ह्या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिरोळ तालुक्यांतील हें लहानसें गांव; परंतु पौर्णिमेच्या दिवशीं तेथील घाटावर जो जनसमुदाय लोटतो तो पाहिला म्हणजे अर्धा दक्षिण देश येथें उतरला आहे कीं काय, असें वाटतें. कोणी कोंकणांतून आलेला, कोणी गोमंतकांतून, कोणी बेळगांव-विजापुराकडून. कोणी मराठी बोलतो, कोणी कानडी, तर कोणी एकाच वाक्यांत दोन्ही भाषा गुंफतो. काळे, गोरे, उंच, ठेंगणे. कोणी अनवाणी चालत आलेले, कोणी मोटारींतून उतरलेले. खुद्द देवालयाविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, तें विजापूरच्या आदिलशहानें बांधविलें. आणि शेजारच्या कुरुंदवाडास कांहीं मशिदींत गणपति बसविण्याची चाल आहे. मनुष्यजातीचें वैविध्य ज्यास पाहावयाचें असेल त्यानें दूरदेशीं जाण्याचें कारण नाहीं. वाडीच्या घाटावर एक सकाळ बसावें.

ह्याच घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही आमच्या कांहीं विद्यार्थ्यांसह एकदां बसलों होतों. समोरची गर्दी पाहून एका मुलानें विचारलें, "सर, हीं सारीं माणसें इतकीं निरनिराळीं कां असतात?" आम्ही उत्तर देण्याच्या आधींच दुसरा म्हणाला, "ज्याचें त्याचें रक्त!" आणि तेवढ्यावर न थांबतां त्यानें आपल्या वर्गांतील एका मुलाचें नांव घेऊन सांगितलें कीं, त्याच्या जातीचे सारे तसेच, अभ्यास त्यांच्या रक्तांतच नाहीं. ज्याचें नांव घेतलें गेलें तो मुलगा चार पायऱ्या खालीं बसला होता. त्यानें तें ऐकलें. तो कांहीं बोलला नाहीं; पाण्याकडे पाहत राहिला.

बोलणारा मुलगा दुष्ट नव्हता. त्यानें जें ऐकलें होतें तेंच तो बोलला. आणि तें त्यानें शाळेंत ऐकलें नसेल तर घरीं ऐकलें असावें, व घरीं नसेल तर शाळेंत. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांसाठीं आहे तितकाच पालकांसाठीं आहे, आणि आम्हां शिक्षकांसाठींहि आहे.

कोणी म्हणेल, असा विषय मुलांपुढें काढावाच कशाला? उंबर फोडून केंबरें उडवूं नयेत, अशी आपल्याकडे म्हणच आहे. वाडीस औदुंबराचें माहात्म्य मोठें. तेव्हां ही म्हण तेथें विशेष शोभेल. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांनीं उंबर फोडलें, तेव्हांच त्यांस कळलें कीं, ज्यास आपण उंबराचें फळ म्हणतों त्याच्या पोटांत शेंकडों बारीक फुलें असतात, आणि तें क्षुद्र केंबरूं आंत शिरतें म्हणूनच त्या फुलांत बीज धरतें. केंबरावांचून उंबराचा वंश चालत नाहीं, व उंबरावांचून केंबराचा चालत नाहीं. उंबर झांकलेलेंच ठेवलें असतें तर हें कळलें नसतें. म्हणून आम्हीहि हें उंबर फोडावयाचें ठरविलें आहे.

मनुष्य असा कां आहे, ह्या प्रश्नाचें उत्तर दोन बाजूंनीं शोधलें जातें. एका बाजूस जीवशास्त्र. तें शरीराकडे पाहतें. आईबापांकडून अपत्यास काय येतें, रोग कसे होतात, मेंदू कसा वाढतो, ह्याचा विचार करतें. दुसऱ्या बाजूस इतिहास, भाषा, वाङ्मय, धर्म व समाजशास्त्र ह्या विद्या. मनुष्य कोणत्या घरांत वाढला, कोणती भाषा बोलला, कोणत्या कथा ऐकत मोठा झाला, कोणत्या रूढींखालीं दबला, हें त्या पाहतात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ह्यांपैकीं एकच बाजू धरून बसणारा मनुष्य दुसऱ्या मनुष्यास ओळखूं शकत नाहीं; आणि अर्धवट ओळखीवर न्याय करूं लागला म्हणजे तो अन्याय करतो. ही केवळ तात्त्विक चर्चा नव्हे. आपल्याच देशांत तिचीं फळें लाखों माणसांनीं भोगलीं आहेत.

सन १८७१ मध्यें इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसा चोराच्या कुळांत जन्मलेला चोरच होणार, ही त्या कायद्यामागील विचारसरणी. पुढें सन १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागूं झाला. ह्या जमातींत जन्मलेल्या मनुष्यानें कांहीं गुन्हा केलेला असो वा नसो, त्याचें नांव सरकारी दप्तरांत चढे. त्यानें हजेरी द्यावी, परवानगीवांचून गांव सोडूं नये. कित्येक कुटुंबांस तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवण्यांत आलें. आणि अशा कांहीं वसाहतींची व्यवस्था ख्रिस्ती मिशन संस्थांकडे होती, हेंहि आमच्यासारख्या शाळेच्या मासिकानें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्या वसाहतींत शाळा होत्या, दवाखाने होते, कित्येक कळवळ्याचे कार्यकर्तेहि होते. परंतु मुळांतील कल्पनाच चुकीची होती. पाळण्यांतील मूल पाहून त्याचा गुन्हा ठरवितां येतो, असें जीवशास्त्र कधींहि सांगत नव्हतें. स्वतंत्र भारतांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. कायदा गेला, परंतु 'त्यांच्या रक्तांतच आहे' हें वाक्य गेलें नाहीं. तें परवां वाडीच्या घाटावर आम्हीं आमच्या कानांनीं ऐकलें.

हा कायदा अमलांत असतांनाच आपल्या कोल्हापुरांत एक राजा निराळा विचार करीत होता. छत्रपति शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं हुकूम काढून संस्थानांतील नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. सन १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा कायदा केला. सन १९१८ मध्यें महार, मांग, रामोशी व बेरड ह्या जातींच्या लोकांची रोजची हजेरी बंद केली. ज्या फासेपारध्यांस लोक चोर म्हणून गांवाबाहेर हांकून देत, त्यांस महाराजांनीं पहाऱ्याच्या कामावर नेमलें. ह्यांत दया होती हें खरें. परंतु केवळ दया नव्हती. परिस्थिति बदलली तर मनुष्य बदलतो, असें मत बाळगून त्याची परीक्षा घेणारा तो एक प्रयोग होता. आज ज्या कुळांतून वकील, शिक्षक व डॉक्टर निघत आहेत, त्या कुळांतील पणजोबांस शाळेच्या पायरीवर उभें राहण्याची मुभा नव्हती. चार पिढ्यांत रक्त बदलत नाहीं. दार उघडलें गेलें, एवढेंच.

दोन्ही बाजूंच्या विद्या एकाच व्यक्तीनें आत्मसात् केल्याचें उत्तम उदाहरण आपल्या मराठी भाषेंतच आहे. इरावतीबाई कर्वे ह्यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला, व तेथील इरावती नदीवरून त्यांचें नांव ठेवण्यांत आलें. पुण्यास हुजूरपागेंत त्यांचें शिक्षण झालें, मुंबईस डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं समाजशास्त्राचा अभ्यास केला. आणि १९२८ सालीं त्या बर्लिनला गेल्या. तेथें ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरु होते. गोऱ्या लोकांची बुद्धि श्रेष्ठ, व त्या श्रेष्ठत्वाची खूण कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या असमानतेंत सांपडेल, अशी फिशर ह्यांची अटकळ होती. ती तपासण्याचें काम ह्या हिंदी विद्यार्थिनीकडे आलें. इरावतीबाईंनीं निरनिराळ्या खंडांतील माणसांच्या कवट्या मोजल्या, आंकडे मांडले, आणि स्वच्छ लिहून दिलें कीं, ह्या असमानतेचा व वंशाचा कांहीं संबंध दिसत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, ह्या प्रसंगाचा थोडा विचार करा. परका देश, परकी भाषा, ज्यांच्या हातीं पदवी द्यावयाची कीं नाहीं तेच गुरु, आणि त्यांच्या आवडत्या मताविरुद्ध जाणारा आंकडा आपल्याच वहींत आलेला. अशा वेळीं आंकडा किंचित् वांकविण्याचा मोह किती जणांस आवरला असता? त्या तरुणीनें तो आवरला. पुढें फिशर ह्यांच्यासारख्या पंडितांच्या वंशविचारांवर जर्मनींत नात्सी राजवटीनें कायदे रचले, व त्यांचा शेवट कोठें झाला हें जगास ठाऊक आहे. शास्त्रांतील एक प्रामाणिक नकार किती मोलाचा असतो, हें ह्यावरून समजावें.

परत आल्यावर इरावतीबाईंनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९३९ पासून अध्यापन केलें. त्यांनीं महाराष्ट्रभर हिंडून माणसांचीं मापें घेतलीं. तशीच माणसांची नातीं, विवाहाच्या चाली व देवदैवतें ह्यांचीहि नोंद केली. मल्होत्रा ह्यांच्यासह १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत त्यांनीं महाराष्ट्रांतील ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची तुलना केली. आणि एकाच वर्णाच्या म्हणविणाऱ्या ह्या पोटजाति शरीरलक्षणांनीं एकसारख्या नाहींत, असें दाखविलें. म्हणजे 'आमचें रक्त एक' हा अभिमानहि मोजणीपुढें टिकत नाहीं. ह्याच बाईंनीं महाभारतांतील व्यक्तींवर 'युगान्त' हा ग्रंथ लिहिला, व त्यास १९६८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्या पंढरीच्या वारींत चालल्या; आणि एकाच दिंडींत एकत्र चालणारीं माणसें जेवावयास मात्र जातवार निराळीं बसतात, हें पाहून मनास लागलेली टोंचणी त्यांनीं लिहून ठेवली. कवटी मोजणारा हात व कुंतीचें दुःख जाणणारें मन हीं एकाच व्यक्तीचीं होतीं. त्यांच्या काळीं मानलेल्या मापनपद्धतींपैकीं कित्येक आज मागें पडल्या आहेत, हें खरें. डोक्याच्या आकारावरून वंश ठरवितां येतो, असें आतां शास्त्र मानीत नाहीं. परंतु जें मोजलें तेंच सांगावयाचें, आणि जें मोजतां येत नाहीं त्यासाठीं माणसांत जाऊन बसावयाचें, हा त्यांचा धडा जुना झालेला नाहीं.

आजचें जीवशास्त्र काय म्हणतें तें पाहूं. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड लेवंटिन ह्यांनीं १९७२ सालीं निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तांतील द्रव्यांचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, मनुष्यामनुष्यांत जो आनुवंशिक फरक आढळतो त्याचा सुमारें शेंकडा ८५ भाग एकाच समूहांतील व्यक्तिव्यक्तींमध्यें असतो. समूहासमूहांतील भेदांच्या वांट्यास फार थोडा उरतो. पुढील काळांतील सूक्ष्म संशोधनानें ही गोष्ट मुख्यतः खरी ठरविली आहे. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर, आपल्याच गल्लींतील दोन शेजाऱ्यांत जितका फरक असूं शकतो त्याहून फारसा अधिक फरक आपणांत व दूरच्या परकीयांत नसतो. हैदराबाद व अमेरिका येथील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत ह्या देशांतील निरनिराळ्या लोकसमूहांचें मोठ्या प्रमाणावर मिश्रण झालें, व त्यानंतर जातींतल्या जातींत विवाह करण्याची चाल घट्ट झाली. तें मिश्रण बहुतेक सर्व जातिजमातींत आढळतें. जो स्वतःस शुद्ध म्हणवितो त्यानें हें ध्यानांत ठेवावें.

मग आनुवंशिकतेस कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, आणि तो समजण्यासाठीं वाडीचीच एक प्रसिद्ध वस्तु घेऊं. वाडीस गेलेला मनुष्य बासुंदी खाल्ल्यावांचून परत येत नाहीं. परंतु कित्येकांस ती बाधते. पोट फुगतें, दुखतें. घरांतील वडील माणसें म्हणतात, "पोर नाजूक आहे." खरी गोष्ट अशी कीं, दुधांतील साखर पचविण्यासाठीं लॅक्टेज नांवाचें पाचक द्रव्य लागतें. तें तान्ह्या मुलांत भरपूर असतें. परंतु जगांतील सुमारें दोनतृतीयांश लोकांत वय वाढतें तसें तें कमी होत जातें. ज्या लोकांनीं हजारों वर्षें गाईम्हशी पाळल्या व दुधावर निर्वाह केला, त्यांच्यांत मात्र तें मोठेपणींहि टिकविणारा आनुवंशिक बदल पिढ्यानपिढ्या वाढत गेला. आपल्या देशांत वायव्येकडे तो अधिक आढळतो, व दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. आतां सांगा, बासुंदी पचणें ही गोष्ट निसर्गाची कीं संस्कृतीची? गाय पाळणें ही संस्कृति. तिनें शरीर घडविलें. शरीर तसें घडल्यावर दुधाचे पदार्थ, सण व नैवेद्य वाढले. म्हणजे शरीरानें संस्कृतीस बळ दिलें. ह्यांतील एक धागा ओढून निराळा काढूं म्हटलें तर वस्त्रच फाटेल. आणि ज्यास बासुंदी पचत नाहीं तो कमी प्रतीचा मनुष्य, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं.

भाषेचें उदाहरण तर ह्याहून जवळचें आहे. कृष्णेच्या पलीकडे, सांगली जिल्ह्यांत, कुपवाड नांवाचें गांव आहे. तेथें मराठी, कानडी व उर्दू ह्या भाषा बोलणारे लोक शेंकडों वर्षें एकत्र नांदत आले. गंपर्झ व विल्सन ह्या दोन भाषापंडितांनीं तेथील बोलींचा अभ्यास करून १९७१ सालीं लेख प्रसिद्ध केला. आणि तेव्हांपासून कुपवाडचें नांव जगांतील भाषाशास्त्राच्या ग्रंथांत आलें. त्यांस आढळलें तें असें: ह्या तिन्ही भाषांचे शब्द निराळे राहिले, परंतु वाक्यरचना इतकी सारखी झाली कीं, शब्दास शब्द ठेवून एका भाषेचें वाक्य दुसरींत नेतां यावें. घरांत प्रत्येकानें आपली भाषा जपली. बाजारांत व शेतावर एकमेकांच्या सोयीसाठीं ती वळविली. कानडी ही द्राविड कुळांतील, मराठी व उर्दू आर्य कुळांतील; कुळें निराळीं, परंतु शेजार एक. कुळ मोठें कीं शेजार मोठा, ह्याचें उत्तर कुपवाडच्या लोकांनीं न बोलतां देऊन ठेवलें आहे. हें उत्तर कोणत्याहि रक्ततपासणींत सांपडलें नसतें. तें शोधण्यास भाषेचाच अभ्यासक लागला.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, तर मग सर्व कांहीं परिस्थितीचेंच. जीवशास्त्र बाजूस ठेवावें. तीहि चूक आहे, व तिचीं फळें लहान मुलें भोगतात. डाव्या हातानें लिहिणाऱ्या मुलाच्या हातावर छडी मारून त्यास 'वळण' लावणारे शिक्षक व पालक आम्हीं पाहिले आहेत. तें मूल हट्टी नसतें. त्याची घडणच तशी असते. अक्षरांची ओळख पटण्यास ज्याच्या मेंदूस इतरांहून अधिक सायास पडतात, अशा बुद्धिमान् मुलास आळशी ठरवून वर्षानुवर्षें मागल्या बांकावर बसविलें जातें. एखाद्यास तांबडा व हिरवा रंग ओळखतां येत नाहीं. हा दोष मुलींपेक्षां मुलांत कितीतरी अधिक आढळतो, कारण तो आईकडून येणाऱ्या एका गुणसूत्राशीं निगडित असतो. अशा मुलास चित्रकलेच्या तासास 'लक्ष नाहीं' म्हणून रागें भरणें हा अन्यायच होय. येथें जीवशास्त्र दयेचें काम करतें. तें सांगतें कीं, सर्वांस एकाच मापानें मोजूं नका.

विदर्भांत व नंदुरबारकडे, विशेषतः आदिवासी बांधवांत, सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. येथें रक्ताचा संबंध खरोखरच आहे, व तो नाकारणें म्हणजे रोग्यास मारणें होय. विवाहापूर्वीं तपासणी व वेळीं उपचार ह्यांनींच तो आटोक्यांत येईल. सन २०२३ मध्यें केंद्र सरकारनें त्यासाठीं राष्ट्रीय अभियानहि सुरू केलें. परंतु तो रोग तेथें कां टिकला? ज्याच्याकडे ह्या रोगाचें बीज एकाच पालकाकडून आलेलें असतें त्याचें मलेरियापासून बरेंच रक्षण होतें. म्हणून जेथें मलेरिया फार, तेथें हें बीज पिढ्यानपिढ्या टिकून राहिलें. आफ्रिकेंतहि तेंच झालें. त्याचें कारण डांसांत व रानांत आहे. जातीच्या उच्चनीचतेंत नाहीं.

आतां एक उदाहरण असें देतों कीं, ज्यांत दोन्ही विद्यांची गरज एकदम दिसते. महारोग हा कुळांतून येतो, असें पूर्वीं आपल्याकडेच नव्हे तर युरोपांतील डॉक्टरांतहि पुष्कळ जण मानीत. सन १८७३ मध्यें नॉर्वे देशांतील डॉ. हान्सेन ह्यांनीं ह्या रोगाचे जंतु शोधून काढले, आणि तो रक्ताचा व पापाचा रोग नसून जंतूंचा आहे, हें पुढें सिद्ध झालें. सन १९८१ पासून अनेक औषधें एकत्र देण्याची उपचारपद्धति आली, व रोग पूर्ण बरा होऊं लागला. वाडीपासून जवळच, मिरजेस, डॉ. वानलेस ह्यांनीं उभारलेल्या रुग्णालयाची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. तेथेंच मिशनचें कुष्ठरुग्णालयहि आहे. जीवशास्त्रानें आपलें काम केलें. परंतु बरा झालेला मनुष्य घरीं गेला तर घरचे दार उघडीत नसत. जोडीदारास महारोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची मुभा आपल्या कायद्यांत होती, ती २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. जंतु सांपडला १८७३ सालीं. कायदा बदलला २०१९ सालीं. मध्यें १४६ वर्षें गेलीं. हीं सारीं वर्षें केवळ औषधाच्या अभावीं गेलीं नाहींत. मनुष्याचें मन कसें बदलतें, हें न समजल्यामुळेंहि गेलीं. जंतु मारण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. भीति मारण्यास कथा, काव्य, इतिहास व धर्म लागतो. शोमरोनी मनुष्याचा दृष्टांत आमच्या शाळेंत प्रत्येक मुलानें ऐकला आहे. वाटेंत जखमी पडलेल्याच्या जखमा बांधण्यास तेल व द्राक्षारस लागला, हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं, प्रथम कोणीतरी वाट सोडून त्याच्याजवळ जावें लागलें.

ह्या साऱ्याचा आमच्या शाळेशीं संबंध काय, हें आतां सांगतों. दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो: विज्ञान कीं कला? गुण अधिक तर विज्ञान, गुण कमी तर कला, अशी एक अलिखित वर्णव्यवस्थाच आपण निर्माण केली आहे. परिणाम असा कीं, उद्यां डॉक्टर होणारा मुलगा रोग्याची भाषा, त्याची भीति व त्याचा देव ह्यांविषयीं कांहीं शिकत नाहीं; आणि उद्यां शिक्षक, वकील किंवा पत्रकार होणारी मुलगी आनुवंशिकतेचे साधे नियमहि सोळाव्या वर्षीं विसरून जाते. मग डॉक्टर म्हणतो, हे लोक अडाणी आहेत. आणि पत्रकार लिहितो, हें अमक्यांच्या रक्तांतच आहे. दोघेहि शिकलेले, दोघेहि चुकलेले. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें विज्ञान व कला ह्यांमधील भिंत काढून टाकावयाचें ठरविलें आहे. परंतु ही भिंत सरकारच्या कागदांत कमी व आमच्या घरांत अधिक आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलगा विज्ञानाकडे जाणार असेल तर त्याच्या हातीं 'युगान्त' द्या. मुलगी वाङ्मयाकडे जाणार असेल तर तिला विचारा कीं, बासुंदी कोणास पचते व कां. आपल्या घरांत 'त्यांच्यांत असेंच असतें' हें वाक्य कोणी उच्चारलें, तर मुलांसमोर त्यास थांबवा. तें वाक्य आपण स्वतः उच्चारलें असेल तर मुलांसमोर तें मागें घ्या. असें करण्यांत वडीलपणास कमीपणा येत नाहीं. विद्यार्थ्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, एखाद्या मनुष्याविषयीं मत बनविण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस विचारावे. ह्याच्या शरीरास काय मिळालें आहे, व काय मिळालेलें नाहीं? आणि ह्याला आजवर कोणतें दार उघडें होतें, व कोणतें बंद? दोन्ही उत्तरें हातीं येईपर्यंत मत राखून ठेवावें. बहुतेक वेळां तीं पूर्णपणें हातीं येणारच नाहींत. आणि तसें झालें तरी बिघडत नाहीं, कारण राखून ठेवलेल्या मतानें कोणास जखम होत नाहीं.

त्या दिवशीं वाडीच्या घाटावर आम्ही त्या दोघां मुलांस जवळ बोलाविलें नाहीं, किंवा क्षमा मागावयासहि लाविलें नाहीं. मागावयास लाविलेली क्षमा मागणाऱ्यास जड जाते व घेणाऱ्यास त्याहून जड. परत येतांना मात्र आम्हीं त्यांस गाडींत एकाच बांकावर बसविलें. वाटेंत त्यांचें काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं; प्रथम कांहींच झालें नसावें. शिरोळच्या पुढें गेल्यावर एकाच्या हातांतील कवडीपेढ्यांचा पुडा दुसऱ्याच्या हातांत गेलेला आम्हीं पाहिला. तेवढ्यानें जन्मभराचा समज जातो, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या मुलाचें नांव घेतलें गेलें होतें त्यास त्या दिवशीं शाळेकडून कांहींतरी उत्तर मिळणें होतें. तें त्या वेळीं तोंडीं देण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, म्हणून येथें लिहून देत आहों: बाळा, अभ्यास कोणाच्याच रक्तांत नसतो. तो शिकावा लागतो, व शिकवावाहि लागतो; आणि त्यांतील दुसरें काम आमचें आहे.